रानडुक्कर मारलं, पुढे काय? कापणीच्या हंगामात वराहपालकांसाठी सल्ला

दसरा-दिवाळीच्या या दिवसांत कोकणात हळवं भात खळ्यावर येतं, गरवं अजून शेतात उभं असतं, आणि रानडुकरांचा कळप एका रात्रीत दोन-चार गुंठे लोळवून जातो. विदर्भात तूर वाढलेली, कळपाला लपायला आयती जागा. घाटावर ऊसतोड सुरू व्हायच्या बेतात. डुक्कर आवरायचं कसं, यावर गावागावात बोलणं चाललेलंच असतं. मेल्यावर किंवा मारल्यावर त्या जनावराचं काय करायचं, यावर मात्र कोणी बोलत नाही. ज्यांच्या परसात पाच-दहा पाळीव डुकरं आहेत, त्यांचं खरं नुकसान इथेच होऊ शकतं.

कारण आहे आफ्रिकन स्वाईन फिव्हर, डुकरांचा विषाणूजन्य ताप. हा स्वाईन फ्लू नव्हे. माणसाला होत नाही, गाई-म्हशी-शेळ्यांना होत नाही. डुकराला झाला तर मात्र औषध नाही, आणि आपल्या गोठ्यात वापरायला लसही नाही. आपल्या देशात तो 2020 साली आसाम-अरुणाचलात प्रथम सापडला. जुलै 2022 मध्ये केरळातल्या वायनाडला पोहोचला, आणि 2023 च्या सुरुवातीला तमिळनाडूतल्या मुदुमलाईच्या जंगलात मेलेल्या रानडुकरांत आढळला. म्हणजे पाळीव आणि रानटी, दोन्हीकडे तो फिरतो.

तो फिरतो कसा, हे युरोपातल्या संशोधकांनी रानडुकरांच्या गळ्यात जीपीएस पट्टे आणि कानात बिल्ले घालून, शिवाय मेलेल्या जनावरांचा नकाशा मांडून पाहिलं. त्यातून निघालेल्या दोन गोष्टी आपल्या कामाच्या आहेत. पहिली म्हणजे रानडुक्कर हा घरकोंबडा प्राणी आहे. कळप आपल्या ठरलेल्या टापूत राहतो आणि त्याच्यामार्फत आजार हळूहळूच सरकतो. शेकडो किलोमीटरची उडी मारतो तो माणूस: मांसातून, गाडीच्या चाकातून, चपलेच्या तळव्यातून. दुसरी गोष्ट म्हणजे तापाने फणफणलेलं डुक्कर गार, ओलसर, दाट जागा गाठून तिथेच मरतं. ओढ्याकाठची जाळी, पाणथळ, बांबूचं बेट. शिवारात कुजका वास आला तर आधी अशा जागा बघा.

चेक प्रजासत्ताकात 2017 साली झ्लिन शहराजवळ हा आजार निघाला, तेव्हा पहिली गोष्ट केली ती शिकार थांबवण्याची. ऐकायला उलटं वाटतं. पण हाकारे आणि कुत्री घेऊन उठवलेला कळप आपला टापू सोडून पळतो आणि आजार बरोबर नेतो. म्हणून गाभ्यातल्या भागाला कुंपण घातलं, काही पिकं मुद्दाम न कापता उभी ठेवली, म्हणजे डुकरं आतच राहावीत. मेलेली जनावरं शोधशोधून उचलली आणि मग नेमबाज उतरवले. 2019 मध्ये देश आजारमुक्त जाहीर झाला. बेल्जियमनेही 2018 नंतर सुमारे 300 किलोमीटर कुंपण घालून असंच केलं, आणि तिथे एकाही पाळीव डुकराला लागण झाली नाही. एवढं कुंपण आपल्याला परवडणारं नाही, हे उघड आहे. पण दोन्हीकडे खरं काम केलं ते मेलेलं जनावर शोधून उचलण्याने. ते आपल्याला जमण्यासारखं आहे.

तेव्हा तुमच्या शिवारात कारण नसताना एकापेक्षा जास्त रानडुकरं मेलेली दिसली तर हाकारा घालू नका, कुत्री सोडू नका. मढ्याला हात लावू नका, ओढत नेऊ नका, ओढ्यात ढकलू नका. मोबाइलवर लांबून फोटो काढा, ठिकाण नोंदवा आणि वनविभागाला 1926 वर कळवा. पशुवैद्यकीय दवाखान्यालाही सांगा, त्यांचा क्रमांक 1962. नमुना भोपाळच्या उच्च सुरक्षा प्रयोगशाळेत जातो. नुसत्या डोळ्यांनी हा आजार आणि साधा वराहज्वर वेगळे ओळखता येत नाहीत, भल्याभल्या डॉक्टरांनाही. जनावराच्या कानात बिल्ला किंवा गळ्यात पट्टा दिसला तर तो कापून घरी आणू नका. पट्टा म्हणजे त्या जनावराचा सगळा हिशोब असतो: कुठे फिरलं, कुठे थांबलं, कधी हलायचं बंद झालं. बिल्ल्यावरचा आकडा वाचता आला तर लिहून ठेवा, बस्स.

आता शिकारीचं. पिकाचं नुकसान करणारं रानडुक्कर मारायला वन्यजीव संरक्षण अधिनियम 1972 च्या कलम 11 खाली अधिकृत वनअधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते. परवानगीने मारलेलं जनावरही सरकारच्या मालकीचं असतं. त्यामुळे वाटे घालणं, पाहुण्यांना पिशवी भरून देणं, दोन्ही गुन्हे आहेत. फासकी, गावठी बॉम्ब आणि थेट लाइनचा करंट तर कोणत्याच परवानगीत बसत नाहीत. करंटने दरवर्षी माणसं मरतात. पीक राखायला झटका मशीन (कुंपणात जीव न घेणारा झटका सोडणारं यंत्र) लावा, ती चालते. नुकसान झालं असेल तर तीन दिवसांच्या आत वनविभागाकडे अर्ज टाका, पंचनामा होईपर्यंत शेत तसंच ठेवा.

कायदा बाजूला ठेवला तरी हे वाटे महागात पडतात. विषाणू रक्तात आणि मांसात महिनोन्महिने जिवंत राहतो. मीठ लावून सुकवल्याने मरत नाही, फ्रीजमध्ये तर आणखी टिकतो. गोव्यातल्या आणि सिंधुदुर्गातल्या घरांत पोर्क, सॉसेज होतंच. खायला हरकत नाही, पण त्याचं धुवण, हाडं, उरलेलं कालवण परसातल्या डुकरांपुढे टाकू नका. हॉटेलचं खरकटं आणत असाल तर 90 अंश तापमानाला पूर्ण एक तास, ढवळत ढवळत शिजवा. वरवर उकळी आणून भागत नाही. एवढं जळण परवडत नसेल (बहुतेकांना नाहीच परवडत) तर ज्यात मांस आहे ते खरकटं आणूच नका. कोंडा, भाजीपाला आणि केळीचे खुंट यावर भागवा.

परवानगीच्या शिकारीत जो कोणी होता, त्याने त्या कपड्यांत, त्या चपलांत गोठ्यात पाय टाकू नये. दोन दिवस दुसऱ्या कोणाला तरी चारा-पाणी करू द्या. कोयता, दोर, गाडीचा हौदा आधी साबणाने घासून धुवा, कारण चिखल-रक्ताच्या थरावर औषध काम करत नाही. मग लिटरभर पाण्यात 20 ग्रॅम कॉस्टिक सोडा या प्रमाणात पाणी करून मारा. सोडा पाण्यात टाकायचा, सोड्यावर पाणी ओतायचं नाही. हातात रबरी मोजे हवेत. हातापायाला जखम असेल तर जनावर हाताळूच नका. लेप्टोचा (जनावरांच्या लघवीतून पसरणाऱ्या तापाचा) धोका या दिवसांत शेतात तसाही असतो.

ऊसपट्ट्यातल्यांसाठी एक वेगळी गोष्ट. तोड शेवटच्या सरींपर्यंत येते तेव्हा फडात दडलेला कळप तिथे कोंडलेला असतो. टोळीने चारही बाजूंनी घेरू नये. रानाकडची बाजू मोकळी ठेवावी, गलका न करता. घेरलेलं डुक्कर माणसावर येतं, आणि पिसाटलेला कळप थेट वस्तीवरच्या डुकरांत घुसतो.

गोठ्याभोवती दुहेरी कुंपण घाला, दोन्हींत हातभर तरी अंतर ठेवा, म्हणजे रानटी आणि पाळीव डुकरांची तोंडं भिडणार नाहीत. माजावर आलेल्या मादीसाठी रानडुक्कर रात्री वस्तीपर्यंत येतो, त्यामुळे या महिन्यांत डुकरं मोकाट सोडू नका. घरच्या जनावराला 41 अंशांच्या आसपास ताप, खाणं बंद, कान-पोट-पाय लालसर जांभळे, नाकातून रक्त किंवा अचानक गर्भपात दिसला तर बाजाराला नेऊ नका, कापू नका, विकू नका. अशा वेळी घाईने विकायचा मोह होतो आणि आजार पुढच्या तालुक्यात जातो. सरकारी भरपाई नष्ट केलेल्या जनावरांची मिळते, आधीच मेलेल्यांची नाही. तेव्हा पहिल्याच दिवशी कळवणारा फायद्यात राहतो. घरच्या डुकरांच्या कानात ओळखीचा 12 अंकी बिल्ला नसेल तर या महिन्यात मारून घ्या, पंचनाम्यात तोच बघतात. दिवाळीनंतर नवी पिल्लं आणणार असाल तर महिनाभर वेगळ्या खोपीत ठेवा, त्यांचं चारा-पाणी सगळ्यात शेवटी करा.