बिल्डरविना पुनर्विकास: जुन्या सोसायटीने हिशेब कसा मांडायचा

मुंबईत घर परवडत नाही म्हणून माणूस विरार, बदलापूर, पनवेलच्या पलीकडे सरकत जातो. तिकडे भातखाचरं बुजवून टॉवर उभे राहतात, मग त्यांच्यामागून पाणी, रस्ता, शाळा धापा टाकत येतात. आणि इकडे मुलुंड, चेंबूर, बोरिवलीला स्टेशनपासून दहा मिनिटांवर चाळीस-पन्नास वर्षांच्या तीन मजली इमारती टेकू लावून उभ्या आहेत. जलवाहिनी, गटार, बस, दवाखाना सगळं दारात आहे. याच जमिनीवर दुप्पट कुटुंबं राहू शकतात आणि ते काम सोसायटी स्वतःही करू शकते. नफा बिल्डरकडे जात नाही हे खरं, पण जोखीमही त्याच्याकडे जात नाही. म्हणून आधी हिशेब, मग नकाशा.

पुढचे आकडे मुंबई उपनगरातले, डीसीपीआर २०३४ (मुंबईची विकास नियंत्रण नियमावली) धरून आहेत. ठाणे-पुण्याकडे यूडीसीपीआर (राज्याची एकत्रित नियमावली) लागू आहे, तिथली कोष्टकं वेगळी. नियमांत दुरुस्त्या होत असतात, त्यामुळे अंतिम हिशेबाआधी आजचे नियम आर्किटेक्टकडून तपासून घ्या.

आधी कागद

सगळ्यात जास्त घोडं अडतं ते इथे. इमारत सोसायटीची असते, जमीन अजून मूळ मालकाच्या किंवा जुन्या बिल्डरच्या नावावर. तो सही देत नसेल तर मोफा (फ्लॅटच्या मालकीचा राज्याचा कायदा), १९६३ च्या कलम ११ खाली मानीव अभिहस्तांतरणाचा, म्हणजे डीम्ड कन्व्हेयन्सचा अर्ज जिल्हा उपनिबंधकाकडे नमुना ७ मध्ये करायचा. आदेश मिळाला की पेढे वाटून थांबू नका. दस्त नोंदवून मालमत्ता पत्रकावर (प्रॉपर्टी कार्डवर) सोसायटीचं नाव चढेपर्यंत काम अर्धंच. बँक पत्रक बघते, आदेशाची फोटोकॉपी बघत नाही.

दुसरं, नगर भूमापन कार्यालयाकडून मोजणी. पत्रकावर १,००० चौरस मीटर आणि कुंपणाच्या आत ९६० अशी तफावत अनेक ठिकाणी निघते. शेजाऱ्याची भिंत आत आलेली असते किंवा रस्तारेषेत एक पट्टी गेलेली असते. चाळीस मीटरांचा फरक कागदावर क्षुल्लक दिसतो, पण एफएसआय (भूखंडाच्या किती पट बांधता येतं तो आकडा) लावल्यावर तोच दोन फ्लॅट खातो.

तिसरं, विकास आराखड्याचा अभिप्राय, म्हणजे डीपी रिमार्क. आरक्षण आहे का, रस्ता रुंद होणार का, तो कागदावर किती आणि जागेवर किती. विलेपार्ले, सांताक्रूझ, कुर्ला, घाटकोपर पट्ट्यात विमानतळाची उंचीमर्यादाही याच टप्प्यावर बघा. एफएसआय भरपूर आणि वर जायला परवानगी नाही, अशी कोंडी तिकडे नेहमीची आहे.

रस्ता सगळं ठरवतो

उपनगरात मूळ एफएसआय १. समोरचा रस्ता ९ मीटरपेक्षा अरुंद असेल तर प्रीमियम एफएसआय (शुल्क भरून मिळणारा) आणि टीडीआर (दुसऱ्या जागेचा विकत घेतलेला बांधकाम हक्क) दोन्ही शून्य. ९ पासून १२.२ मीटरच्या आत एकूण २, १२.२ पासून १८.३ च्या आत २.२, १८.३ ते ३० वर २.४ आणि त्यापुढे २.५. यावर ३५ टक्के फंजिबल, म्हणजे या मर्यादेच्या वरचं जादा क्षेत्र. विनियम ३३(७)(बी) खाली ३० वर्षांहून जुन्या सोसायटीला विद्यमान बांधकामाच्या १५ टक्के किंवा दर घरामागे १० चौरस मीटर, यांत जे जास्त ते, प्रीमियम न भरता मिळतं. मात्र हे क्षेत्र वरच्या मर्यादेच्या आतच मोजलं जातं. ते मर्यादेवर आणखी मिळतं असं समजून केलेले हिशेब पुढे कोसळतात.

गल्लीतल्या सोसायटीने इथे हात टेकायचं कारण नाही. पाठीला पाठ लावून असलेली दुसरी सोसायटी मोठ्या रस्त्यावर असेल तर दोन्ही भूखंडांचं एकत्रीकरण करा. मग रुंद रस्त्याचा एफएसआय पूर्ण जागेला धरता येतो, दोन्ही इमारतींमधले बाजूचे मार्जिन (सोडायची मोकळी जागा) वाचतात, जिना-लिफ्ट एकदाच बांधावी लागते. अडचण माणसांची असते: एकीकडे ४५० फुटांची घरं, दुसरीकडे ६००. वाटा विद्यमान कार्पेटच्या (भिंतींच्या आतल्या क्षेत्राच्या) प्रमाणात, असं पहिल्याच बैठकीत लिहून घ्या. (३३(९)चा क्लस्टर हा वेगळा प्रकार. उपनगरात त्याला किमान ६,००० चौरस मीटर लागतात.)

एक उदाहरण, शेवटपर्यंत

समजा, भूखंड १,००० चौरस मीटर, रस्ता १२.२ मीटर, २० घरं, प्रत्येकाचं बांधीव क्षेत्र ५० चौरस मीटर, म्हणजे विद्यमान बांधकाम १,०००.

मर्यादा २.२, म्हणजे २,२००. त्यात विद्यमान १,०००, प्रोत्साहनाचे २०० (२० घरं गुणिले १०, १५ टक्क्यांचे १५० यापेक्षा कमी). उरलेले १,००० विकत: ५०० प्रीमियम भरून, ५०० टीडीआरने. २,२०० वर फंजिबल ७७०. त्यातले जुन्या सभासदांच्या १,००० वरचे ३५० विनाप्रीमियम, ४२० पैसे भरून. एकूण २,९७०.

जुन्या सभासदांना १,३५०, म्हणजे प्रत्येकी ६७.५ बांधीव. कार्पेट साधारण ९० टक्के धरलं तर ६०.७५ चौरस मीटर. विक्रीला १,६२० बांधीव, कार्पेट अंदाजे १,४५८ चौरस मीटर, म्हणजे १५,७०० चौरस फूट.

आता ते ६०.७५ नीट बघा. वाहनतळाच्या कोष्टकात ४५ चौरस मीटर कार्पेटपर्यंत चार घरांना एक गाडी, ४५ ते ६० ला दोन घरांना एक, ६० ते ९० ला प्रत्येक घराला एक, त्यावर प्रत्येकी दोन. म्हणजे ६०.७५ ला वीस जागा आणि ६० ला दहा. पाऊण चौरस मीटर, जेमतेम आठ चौरस फूट! सभासद आठ फुटांसाठी भांडतात आणि त्यापायी यांत्रिक पार्किंगचा एक मजला सगळ्यांच्या बोडक्यावर बसतो. आठ फुटांची रोख भरपाई देणं यापेक्षा कितीतरी स्वस्त.

विक्रीच्या घरांचंही तसंच. १,४५८ मीटरांत ४४ मीटरची ३३ घरं बसतात, त्यांना ९ गाड्या. ६५ मीटरची केली तर २२ घरं आणि २२ गाड्या. पाहुण्यांच्या १० टक्के जागा धरून पहिल्या पर्यायात (जुनी घरं ६० ची ठेवून) एकूण २१, दुसऱ्यात (जुनी घरं ६०.७५ ची ठेवून) ४७. एक हजार मीटरच्या भूखंडावर २१ गाड्या स्टिल्ट (खांबांवरचा मोकळा तळमजला) आणि मोकळ्या जागेत बहुतेक मावतात. ४७ साठी पझल पार्किंग (गाड्या यंत्राने वर-खाली सरकवणारं) नाहीतर जमिनीखाली खड्डा. स्टेशनजवळच्या सोसायटीने छोटी घरं काढावीत असं आमचं स्पष्ट मत आहे: अकरा कुटुंबं जास्त राहतात, एकेका घराची किंमत आवाक्यात राहते आणि म्हणून ती लवकर खपतात. ‘मोठा फ्लॅट म्हणजे प्रीमियम प्रोजेक्ट’ हे ब्रोकरचं वाक्य वहीत लिहून ठेवा आणि पान उलटा.

रस्त्याच्या कडेला तळमजल्यावर दोन-तीन गाळे ठेवता आले तर ठेवा. रस्ता जागता राहतो, दूध-औषधं खालीच मिळतात. मात्र गाळ्यांची वीज, पाणी आणि शटरसमोरची जागा करारात वेगळी लिहा. पुढची दहा वर्षं भांडण त्या शटरसमोरच्या जागेवरूनच होतं.

पैशाचा ताळा

खर्च एफएसआयच्या क्षेत्रावर मोजू नका. जिने, लिफ्ट, लॉबी, स्टिल्ट, टाक्या धरून प्रत्यक्ष बांधकाम त्याच्या सव्वा ते दीडपट जातं. १.४ धरलं तर २,९७० चे ४,१५८ चौरस मीटर, अंदाजे ४४,७५० चौरस फूट. केवळ उदाहरणासाठी ४,००० रुपये दर घ्या: १७.९ कोटी. कंत्राटदाराच्या बिलावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे २१.१ कोटी. हा जीएसटी विसरलेले अंदाजपत्रक आजही टेबलावर येतात.

विक्री २२,००० दराने ३४.५ कोटी. मधल्या १३.४ कोटींत प्रीमियम, टीडीआर, पालिकेचे आकार, मुद्रांक, आर्किटेक्ट आणि पीएमसीची (प्रकल्प व्यवस्थापन सल्लागाराची) फी, व्याज, आकस्मिक खर्चाचे किमान ८ ते १० टक्के, आणि भाडं. वीस कुटुंबं, महिना ३० हजार, ३६ महिने: २.१६ कोटी. बिल्डर असला की भाडं तो देतो, म्हणून हा आकडा कुणाला दिसत नाही. इथे तो तुमच्याच कर्जातून जातो.

मग ताण देऊन बघा. विक्रीचा दर १५ टक्के पडला तर ५.२ कोटी गेले, म्हणजे घरामागे २६ लाख. काम एक वर्ष लांबलं तर भाड्याचे ७२ लाख आणि १५ कोटींच्या कर्जावर १२ टक्क्यांनी १.८ कोटी, घरामागे १२ लाख ६० हजार. दोन्ही एकत्र झालं तरी सोसायटी तरते का? तरत नसेल तर कॉर्पस फंडाची (सभासदांसाठी उरणाऱ्या निधीची) स्वप्नं सोडा, विक्रीचं क्षेत्र वाढवता येतं का ते पाहा, किंवा सरळ बिल्डरकडे जा. त्यात कमीपणा नाही.

सभा आणि माणसं

सहकार कायद्याच्या कलम ७९(अ) खालचे ४ जुलै २०१९ चे निर्देश पाळा, स्वतः बांधणार असलात तरी. विशेष सर्वसाधारण सभेची नोटीस १४ दिवस आधी, गणसंख्या एकूण सभासदांच्या दोन तृतीयांश, निर्णय एकूण सभासदांच्या किमान ५१ टक्क्यांच्या लेखी संमतीने, सभेचं व्हिडिओ चित्रण. वीस जणांत हजर १४, होकार ११. पण अकरांच्या जोरावर निघू नका. नऊ जण घर रिकामं करायला नाही म्हणाले तर न्यायालय बहुधा बहुमताकडे झुकतं, तोवर वर्ष जातं आणि एका वर्षाची किंमत वर काढलीच आहे. सतरा-अठरा होईपर्यंत घरोघर चहा प्या.

पीएमसी आणि कंत्राटदार एकच नको, नात्यातलेही नकोत. आर्किटेक्ट, आरसीसी सल्लागार, वकील, सीए, प्रत्येकाची नेमणूक सभेत दरपत्रकं उघडून करा. समितीतल्या कुणाचा भाचा ‘फुकटात’ नकाशे काढतोय, हे वाक्य ऐकलं की सावध व्हा.

कर्ज, परवानग्या, बांधकाम

१३ सप्टेंबर २०१९ च्या शासन निर्णयाने स्वयंपुनर्विकासाला सवलती दिल्या, आणि मुंबई जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेने त्यासाठी कर्जयोजना काढली. बँक जमीन तारण घेते आणि हप्ते कामाच्या टप्प्यांवर सोडते. त्यामुळे कंत्राटदाराच्या बिलाचे टप्पे आणि बँकेचे टप्पे एकाच तक्त्यात जुळवून घ्या. स्लॅब ओतून झाला आणि हप्ता पुढच्या स्लॅबला आहे असं झालं की मजूर दुसऱ्या साइटवर जातात.

क्रम असा: आयओडी (अटींसह नकाशा मंजुरीचं पत्र), त्यातल्या अटींची पूर्तता, जोत्यापर्यंतचं सीसी (बांधकाम सुरू करण्याचा दाखला), जोतं तपासणी, पुढचं सीसी, शेवटी ओसी (भोगवटा प्रमाणपत्र). आयओडी हातात आणि कर्जाचं मंजुरीपत्र फाइलमध्ये असल्याशिवाय घर रिकामं करू नका. इमारत सी-१, म्हणजे अतिधोकादायक ठरली असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा आधी जीव. पण रिकामी करताना प्रत्येकाचं कार्पेट मोजून, सह्या घेऊन, पालिकेकडे नोंदवून ठेवा. पाडल्यावर कुणाची गॅलरी किती होती हे कुणालाच आठवत नाही, किंवा प्रत्येकाला जास्तच आठवतं.

विक्रीची घरं बाजारात आणण्याआधी महारेराची (गृहप्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाची) नोंदणी हवी. सोसायटी इथे प्रवर्तक ठरते. ग्राहकांकडून आलेल्या पैशातले ७० टक्के वेगळ्या खात्यात राहतात आणि जमीन-बांधकामाच्या खर्चासाठी, कामाच्या प्रमाणातच निघतात. रोखीच्या तक्त्यात सगळी बुकिंगची रक्कम मोकळी धरली असेल तर तो तक्ता चुकला.

काँक्रीटच्या दर ओतणीला क्यूब काढा. आयएस ४५६ प्रमाणे ३१ ते ५० घनमीटरला चार नमुने, प्रत्येकात १५० मिलिमीटरचे तीन क्यूब, २८ दिवसांच्या चाचणीला. सात दिवसांच्या चाचणीसाठी जादा क्यूब काढा, म्हणजे गडबड लवकर कळते. क्यूबवर तारीख आणि स्लॅबचा क्रमांक ओला असतानाच कोरा, आणि प्रयोगशाळा सोसायटीने निवडावी. कंत्राटदाराच्या प्रत्येक बिलातून ५ टक्के राखून ठेवा. रेराच्या कलम १४ खाली संरचनेतल्या दोषांची पाच वर्षांची जबाबदारी ग्राहकांसमोर सोसायटीवर येते, तीच जबाबदारी जशीच्या तशी कंत्राटदाराच्या करारात उतरवा.

शेवटच्या सहा महिन्यांत दोन कामं मागे पडतात. एक, नव्या ३३ खरेदीदारांना सभासद करून घेणं: भाग दाखले, पार्किंगचं वाटप, मतदान. जुने वीस आता अल्पमतात असणार हे सभेत आधीच बोलून घ्या. दुसरं, देखभालीचा दर. तीन मजल्यांच्या इमारतीला लिफ्ट नव्हती. आता दोन लिफ्ट, अग्निशमन पंप, जनरेटर आणि पहारेकरी. निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या सभासदाला महिन्याचा आकडा किल्ली घेताना कळू नये. लिफ्ट आणि पंपांच्या वार्षिक देखभाल कराराचे दर खरेदीच्या वेळीच, पहिल्या पाच वर्षांसाठी, लेखी घ्या. आणि ओसीशिवाय कुणालाही सामान हलवू देऊ नका, सत्यनारायण घालून ‘तात्पुरतं’ राहायला येणाऱ्यालाही.