लहान मुलाला घेऊन सायकलवर : बेळगावच्या शिवारातली पहिली सहल

बेळगावातलं वडगाव सोडून येळ्ळूर गावाच्या रस्त्याला लागून दहा मिनिटं होत नाहीत तोवर मागच्या सीटवरून प्रश्न येतो, "पप्पा, आलं काय?" पूर्वी मी "आलंच हं, थोडं राहिलंय" म्हणायचो. ते खोटं असायचं आणि लेकीलाही ते कळायचं. आता निघतानाच सांगतो : आधी म्हशींचा गोठा, मग विहीर, मग मोठं वडाचं झाड, मग येळ्ळूर. ती एकेक मोजत बसते. लहान मुलाबरोबरची सायकल सहल किलोमीटरवर आखली की फसते, थांब्यांवर आखली की जमते.

मूल कशावर बसणार, ते आधी ठरवा

मूल आधाराशिवाय नीट बसतं आणि हेल्मेट घालून मान सावरतं, त्याआधी त्याला सायकलवर घेऊच नये. साधारण वर्षाचं होईपर्यंत तरी थांबा. त्यानंतर मागे बसवायची पट्ट्यांची सीट घ्या. अशा बहुतेक सीटांची मर्यादा २२ किलोच्या आसपास असते आणि हँडलजवळच्या पुढच्या सीटची १५ किलोच्या आसपास. आकडा सीटवर छापलेला असतो, तो वाचूनच पैसे द्या.

नुसत्या कॅरिअरवर उशी बांधून मुलाला बसवणं आपल्याकडे सर्रास चालतं. मीही तेच केलं होतं. लेक तीन वर्षांची होती. वळणावर तिनं पाय आत घेतला आणि टाच स्पोकात गेली. पायात बूट होता म्हणून बूट फाटला आणि टाच नुसती सोलवटली. अनवाणी असती तर काय झालं असतं, याचा विचार मी अजून टाळतो. म्हणून सीटला पाय ठेवायच्या खोबणी आणि घोट्यावरचे पट्टे हवेतच. शिवाय मागच्या चाकाला दोन्ही बाजूंनी जाळी लावून घ्या. सायकल दुरुस्तीवाला साडीसाठी लावतो तीच जाळी, पण बारीक भोकांची मागा.

आणखी एक. मूल सीटवर असताना सायकल स्टँडला लावून बाजूला होऊ नका, अगदी पाण्याची बाटली काढण्यापुरतंसुद्धा. मुलानं एका बाजूला अंग टाकलं की सायकल आडवी होते. आधी मूल उतरवायचं, मग स्टँड लावायचा.

पाच-सहा वर्षांचं मूल स्वतःची सायकल चालवत असेल तर साधारण १६ इंची चाक बसतं. सीटवर बसून दोन्ही पायांचे चवडे जमिनीला टेकले पाहिजेत. 'पुढच्या वर्षी पुरेल' म्हणून मोठी सायकल घेणारे आईबाप मुलाला पहिल्या उतारावरच घाबरवून ठेवतात.

हेल्मेट

पुढची कड भुवयांच्या वर दोन बोटं, पट्ट्या कानांच्या खाली एकत्र येतील अशा, हनुवटीखाली एक बोट जाईल एवढी ढिलाई. मूल नको म्हणतं, कारण आपण घालत नाही. आपलंही घ्या.

महिना आणि वेळ

जून ते सप्टेंबर सोडून द्या. आपल्याकडचा पाऊस भिजून मजा करण्याचा नाही, आणि लाल चिखलात छोटी चाकं जागच्या जागी फिरतात. दसरा झाला, भातकापणी सुरू झाली की आपला हंगाम लागतो, तो फेब्रुवारीपर्यंत. वडगाव-शहापूर-येळ्ळूरच्या शिवारात भात निघाल्यावर मसूर-वाटाणा पेरतात, तेव्हा रस्त्याकडेला पोरांना बघण्यासारखं पुष्कळ असतं. डिसेंबरात सूर्य उगवायलाच जवळपास सात वाजतात. म्हणून सातला निघा आणि साडेदहाच्या आत घरी या. बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरवर आहे, पहाटे थंडी बोचते. आणि मागच्या सीटवरचं मूल पेडल मारत नाही! आपल्याला घाम फुटलेला असतो तेव्हा ते कुडकुडत असतं. त्याला आपल्यापेक्षा एक स्वेटर जास्त घाला.

याच महिन्यांत उसाचे ट्रॅक्टर रस्त्यावर असतात. मला लॉरीपेक्षा त्यांची भीती जास्त वाटते. दोन ट्रॉल्या जोडलेल्या असतात, मागची झोल घेते, आणि गाणी इतक्या मोठ्यानं लावलेली असतात की चालकाला तुमची घंटी ऐकू येत नाही. ट्रॅक्टर मागून आला की शेजारून चालवत राहायचं नाही. रस्ता पूर्ण सोडून उतरायचं, मुलाचा हात धरायचा, दुसरी ट्रॉलीही पुढे गेली की मगच निघायचं. निपाणी, चिकोडी, हुक्केरीकडच्या मंडळींनी तर कारखान्याकडे जाणारा रस्ता या दिवसांत विसरलेलाच बरा.

रस्ता कसा निवडायचा

राष्ट्रीय महामार्ग नको. पुणे-बंगळूरचा नको आणि खानापूर-लोंढ्याकडून गोव्याला जाणाराही नको. रस्त्याकडेचे किलोमीटरचे दगड बघायला शिका आणि मुलालाही शिकवा : वरचा भाग पिवळा असला तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवा असला तर राज्य महामार्ग, केशरी असला तर गावाचा रस्ता. आमच्याकडे केशरी दगड आधी दिसेल त्याला एक फुटाणा जास्त मिळतो.

पहिल्यांदा कॅम्पातले, म्हणजे लष्करी छावणीच्या भागातले, रुंद, झाडीचे रस्ते रविवारी सकाळी फिरून या. स्वतः चालवणाऱ्या मुलाला डाव्या कडेला ठेवा आणि आपण त्याच्या मागे, किंचित उजवीकडे राहा, म्हणजे येणारी गाडी आधी आपल्याला बघते. दोघं मोठे असतील तर एक पुढे, एक मागे.

मग येळ्ळूर. रस्ता शिवारातून जातो आणि समोर राजहंसगड दिसत राहतो, त्यामुळे मुलाला कुठं चाललोय ते कळतं. गडाचा चढ मात्र खडा आहे. वरपर्यंत रस्ता असला तरी मी सायकली गावातच ठेवतो आणि चालत चढतो. तुम्ही सायकल वर नेलीच, तर उतरताना मूल सीटवर असेल तेव्हा ब्रेकवर भरवसा ठेवू नका, उतरून सायकल हातानं धरा. वर सिद्धेश्वराचं देऊळ आहे, तिथं सावलीत डबा उघडायचा.

दुसरी वाट गणेशपूर, बेनकनहळ्ळी, बेळगुंदीवरून राकसकोपची. शहराला पाणी पाजणारा हा तलाव मार्कंडेय नदीवर आहे. लेकीला सांगितलं, "आपल्या नळाचं पाणी इथून येतं," तर तिनं विचारलं, "मग आपण इथंच का राहत नाही?" पाण्याच्या काठावर मुलाचा हात सोडू नका, पाण्यात तर उतरूच नका. येता-जाता मिळून हा पल्ला मोठा होतो, म्हणून येळ्ळूर दोन-तीनदा पचल्यावरच हा घ्या.

उचगाव, तुरमुरीवरून शिनोळीकडे गेलात तर सीमा ओलांडून महाराष्ट्रातल्या चंदगड तालुक्यात पोचता. पाट्यांवरची अक्षरं बदलतात, बाकी काही बदलत नाही; भात तेच, बोलीही तीच. पण वेंगुर्ल्याचा तो रस्ता वाहतुकीचा आहे. मी मुलाबरोबर उचगावच्या पुढे जात नाही.

वाट विचारताना एक भानगड लक्षात ठेवा. सुळगे नावाची दोन गावं आहेत, एक येळ्ळूरजवळ, एक हिंडलग्याच्या बाजूला. नुसतं "सुळग्याला कसं जायचं?" विचारलंत तर माणूस मनापासून चुकीची वाट दाखवेल. पूर्वेकडे सांबऱ्याच्या पुढे गेलात तर थोडं कन्नड बरोबर असू द्या. "नीर कोडरी" एवढं म्हटलं तरी घरातली बाई तांब्या घेऊन बाहेर येते आणि पोराच्या हातावर गुळाचा खडा ठेवते. पिण्याचं पाणी मात्र घरून उकळून न्या. तांब्या हातपाय धुवायला.

खानापूरकडे जायचं असेल तर बेळगावातून सायकलवर निघू नका. टेम्पोत सायकली टाकून खानापुरात उतरा आणि तिथून मलप्रभेकाठी असोग्याला जा. जांबोटी-कणकुंबीचा रस्ता कितीही देखणा असला तरी कोवळ्या मुलासाठी नाही : वळणं आहेत, गोव्याची वाहनं आहेत आणि आजूबाजूच्या जंगलात गवे आणि अस्वलं आहेत.

पिशवीत काय

चिरमुरे-फुटाणे, शेंगा, केळी, गूळ. कुंदा, म्हणजे आपली खव्याची मिठाई, नेऊ नका. उन्हात खराब होतो, शिवाय घरी परतल्यावरचं आमिष म्हणून तो जास्त उपयोगी आहे. ओआरएसची पुडी, ती तिच्यावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात. ती नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. मुलाच्या चाकाच्या मापाची जादा ट्यूब न्याच, कारण १६ इंची ट्यूब खेड्यातल्या दुकानात मिळेलच असं नाही. पंप ट्यूबच्या तोंडाला बसतो का, ते घरीच बघा. मी शेतात बसून बघितलं होतं. जुन्या पद्धतीच्या तोंडाची ट्यूब, नव्या पद्धतीचा पंप, आणि तीन किलोमीटर पायपीट.

मोबाइलवर आणीबाणीचा ११२ आणि रुग्णवाहिकेचा १०८ हे दोन्ही आकडे घरातल्या सगळ्यांना पाठ हवेत.

निघाल्यावर

दर वीस-पंचवीस मिनिटांनी थांबा, मूल मागत नसलं तरी. सीटवर झोप लागून मान लोंबू लागली तर थांबाच. तशा मानेनं पुढे जायचं नाही. कुत्रं अंगावर आलं तर पळवू नका. उतरा, सायकल मधे धरा, आणि चढ्या आवाजात दरडावा.

रानात बसताना वाळक्या पाल्यावर नको, खडकावर किंवा सतरंजीवर बसा. शेजारच्या दोडामार्ग आणि सत्तरी भागात माकडताप आढळला आहे आणि तो गोचिडांतून पसरतो. याचा काळही आपल्याच हंगामात सुरू होतो, डिसेंबर ते मे. माकड मरून पडलेलं दिसलं तर तिथून निघा आणि गावात कळवा. घरी आल्यावर मुलाचे कपडे लगेच धुवायला टाका, कानामागे, काखेत, गुडघ्यामागे बघा, मग गरम पाण्यानं आंघोळ घाला.

त्याच दिवशी संध्याकाळी चेन पुसून तेल द्या आणि हवा बघा. शनिवारी रात्री पंक्चर सापडलं तर दुकान बंद असतं आणि रविवार गेला. आमची हवा भरलेली आहे. येत्या रविवारी सुळग्याला जायचं, असं लेकीनं जाहीर केलंय. कुठल्या, ते अजून सांगितलेलं नाही.