विंडोज ७ वर नव्या मेलचा आवाज कसा बदलावा

संगणकावर विंडोज ७ असून त्यात आउटलुक किंवा थंडरबर्ड हा मेलचा प्रोग्रॅम चालू आहे, असे येथे गृहीत धरले आहे. ब्राउझर उघडून मेल वाचणाऱ्यांना या कृतीचा उपयोग नाही, कारण ब्राउझरमध्ये आलेल्या मेलसाठी विंडोज हा आवाज वाजवत नाही.

कंट्रोल पॅनेलमधील ‘साउंड’ उघडून ‘साउंड्स’ या टॅबवर जावे, यादीतील ‘न्यू मेल नोटिफिकेशन’ निवडावे, ‘ब्राउझ’ करून आपली फाइल दाखवावी, ‘टेस्ट’ दाबून ऐकावी आणि ‘अप्लाय’ करावे.

सगळे अडते ते फाइलपाशी. विंडोजला येथे केवळ वेव्ह (.wav) प्रकारची, तीही पीसीएम स्वरूपातली, म्हणजे आवाज न दाबता साठवलेली, फाइल चालते. एमपीथ्री फाइलचे नाव बदलून शेवटी ‘डॉट वेव्ह’ लिहिले की काम होते, असा सल्ला अनेक जण बिनदिक्कत देतात. तो साफ चुकीचा आहे. नाव बदलल्याने फाइलच्या आतला मजकूर बदलत नाही, आणि मी स्वतः या सल्ल्यापायी एक अख्खी संध्याकाळ वाया घालवली आहे. त्यातच विंडोज मुळात फाइलनावाचा शेवटचा भाग लपवून ठेवत असल्यामुळे माझ्या फाइलचे नाव प्रत्यक्षात ‘घंटा डॉट वेव्ह डॉट एमपीथ्री’ असे झाले होते आणि ती ‘ब्राउझ’च्या यादीत दिसतही नव्हती.

फाइलचे रूपांतरच करावे लागते. ऑडॅसिटी या आवाज संपादनाच्या मोफत प्रोग्रॅममध्ये ती उघडावी, हवा तेवढाच तुकडा ठेवावा, सुरुवातीची शांतता कापून टाकावी आणि ‘एक्सपोर्ट’मधून वेव्ह, साइन्ड १६-बिट पीसीएम हा पर्याय घ्यावा. तुकडा दोन-तीन सेकंदांहून मोठा नसावा, असे माझे ठाम मत आहे. ४४,१०० हर्ट्झच्या स्टिरिओ फाइलला सेकंदाला सुमारे १७६ किलोबाइट लागतात ही बाब किरकोळ आहे. खरा त्रास दिवसातून चाळीस वेळा तेच गाणे ऐकण्याचा असतो. जुन्या लॅपटॉपच्या चिमुकल्या स्पीकरमधून खर्जातला आवाज जवळजवळ येतच नाही, म्हणून मृदंगापेक्षा टाळ किंवा देवघरातली घंटा निवडावी.

तयार फाइल पेनड्राइव्हवर किंवा डेस्कटॉपवर ठेवू नये. विंडोज फाइलची प्रत घेत नाही, केवळ तिचा पत्ता लक्षात ठेवते. त्यामुळे पेनड्राइव्ह काढला किंवा डेस्कटॉप आवरताना फाइल हलवली की आवाज बंद पडतो. सी ड्राइव्हवरील ‘विंडोज’ फोल्डरमधले ‘मीडिया’ हे तिचे योग्य ठिकाण आहे. तेथे फाइल टाकताना ॲडमिनिस्ट्रेटरची परवानगी मागितली जाते, ती द्यावी.

‘टेस्ट’ला आवाज येतो, पण मेल आल्यावर येत नाही, अशी तक्रार असेल तर दोष मेलच्या प्रोग्रॅममधील सेटिंगचा असतो. आउटलुक २०१० मध्ये ‘फाइल’, ‘ऑप्शन्स’, ‘मेल’ या मार्गाने जाऊन ‘प्ले अ साउंड’पुढे खूण करावी, थंडरबर्डमध्ये आवाज सुरू करून सिस्टिमचा आवाज हा पर्याय ठेवावा.

शेवटी ‘साउंड्स’मध्येच ‘सेव्ह ॲज’ करून ही मांडणी स्वतःच्या नावाने साठवावी. विंडोज ७ मध्ये थीमसोबत, म्हणजे पडद्याच्या चित्र-रंगांच्या संचासोबत, आवाजही बदलतात, आणि घरातल्या कोणी हौसेने थीम बदलली तरी साठवलेली मांडणी यादीतून पुन्हा निवडता येते.