ऑस्ट्रेलियाच्या आउटबॅकमध्ये मुलाबाळांसह कॅम्पिंग: या चुका टाळा

ॲडलेड शहर ते उलुरू, म्हणजे आउटबॅक या ओसाड अंतर्भागातला तो प्रचंड लाल खडक, साधारण सोळाशे किलोमीटर. नकाशावर हे अंतर दोन दिवसांत बसतं, म्हणून आपली मंडळी ते दोन दिवसांतच बसवतात. जुलैच्या शाळेच्या सुट्टीत आमच्याबरोबर एखादं नवखं कुटुंब असतंच, आणि दरवेळी तीच घाई. बाकीच्या बहुतेक चुका या घाईच्या पोटातून निघतात.

त्यातली सगळ्यात वाईट चूक म्हणजे तिन्हीसांजेनंतर गाडी हाकणं. या वाटेवरच्या स्टुअर्ट हायवेला बऱ्याच ठिकाणी कुंपण नाही. पावसाचं पाणी डांबरावरून कडेला ओघळतं, तिथे गवत जरा हिरवं राहतं आणि दिवस कलला की कांगारू नेमके तिथे चरायला येतात. गुरंही येतात.

एका वर्षी आम्ही याच हायवेवरच्या ग्लेंडांबोला मुक्काम ठरवला होता. सोबतच्या कुटुंबाला मात्र साडेचार वाजता वाटलं, पुढचं गाव कूबर पीडी अडीचशे किलोमीटर, म्हणजे अडीच तास, कशाला थांबायचं? मधल्या पट्ट्यात पेट्रोलपंप नाही, मोबाइलला रेंज नाही, सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, हे सगळं सांगून झालं. तरी गेले. सकाळी आम्हाला ते रस्त्याकडेला सापडले. एका हेडलाइटच्या फुटक्या काचेत कांगारूची राखाडी लव अडकलेली, रेडिएटर फुटून हिरवं कूलंट लाल मातीत मुरलेलं. धाकटी आईच्या शालीत गुंडाळून पुढच्या सीटवर, थंडीने ओठ फुटलेले. स्लीपिंग बॅगा सगळ्या सामानाच्या तळाशी, आणि अंधारात रस्त्यावर सामान उपसायची कोणाची हिंमत झाली नव्हती. एका ट्रकवाल्या काकांनी रात्रीच गाडीतल्या यूएचएफ रेडिओच्या ४० नंबरच्या चॅनेलवरून पुढे निरोप दिला होता, म्हणून टोइंगची गाडी तरी आली. आणि गाडीच्या भाडेकरारात शहराबाहेर रात्री चालवायला मनाई होती, त्यामुळे विम्याचा एक पैसा मिळाला नाही. तो करार निघण्यापूर्वी कोणी वाचलाच नव्हता. मुलं मागे बसलेली असताना एवढा धोका पत्करायचा कशासाठी, हे मला आजही कळत नाही.

माझा नेम साधा आहे: चार वाजता तंबूच्या मेखा जमिनीत. दिवसाला पाचशे किलोमीटरच्या वर जात नाही. स्लीपिंग बॅगा सगळ्यात वर, मागचं दार उघडताच हाताला लागतील अशा.

थंडीचंही तेच. ‘वाळवंट म्हणजे उकाडा’ म्हणून लोक पातळ पांघरुणं घेऊन येतात. जुलै म्हणजे इथला हिवाळा, तेव्हा वाळवंटातल्या ॲलिस स्प्रिंग्सला रात्री पारा शून्याखालीही जातो. स्लीपिंग बॅग घेताना तिच्यावरचा ‘कम्फर्ट’चा, म्हणजे आरामात झोप लागेल त्या तापमानाचा आकडा बघा, ‘लिमिट’चा, म्हणजे जेमतेम निभेल तो नको. अंगाखाली जाड मॅट हवीच, कारण गारवा जमिनीतून चढतो.

दुसरी खोड शॉर्टकटची. मारी ते मार्ला या दोन गावांमधला ऊडनाडट्टा ट्रॅक सहाशेवर किलोमीटर कच्चा आहे. पन्हाळी पत्र्यासारख्या आडव्या लाटांवर गाडी खुळखुळते. डांबरी रस्त्याची हवा टायरात तशीच ठेवून शंभरच्या वेगाने गेलात तर टायर फाटणारच. मी हवा साधारण पाव हिश्श्याने उतरवतो, ताशी सत्तरवर राहतो आणि डांबर लागलं की पंप काढून पुन्हा भरतो. यात वीस मिनिटं जातात. तेवढाही धीर नसेल तर त्या रस्त्याला जाऊच नका. भाड्याची साधी गाडी असेल तर मुळीच नाही.

पाणी माणशी रोज दहा लिटर, आणि ते एकाच ड्रममध्ये नको, तीन-चार कॅनमध्ये विभागून. एक गळला तरी बाकीचे उरतात. गाडी बंद पडली तर चालत निघू नका. शोधायला आलेल्या विमानातून गाडी दिसते, माणूस दिसत नाही.

मेलबर्नहून मिल्ड्युरामार्गे येत असाल तर फळं, टोमॅटो, मिरच्या राज्याच्या सीमेजवळच्या यांबाच्या तपासणी नाक्याआधी संपवा. फळमाशीमुळे तिथे सगळं काढून घेतात. डाळ-तांदूळ आणि छोटा कुकर असला की खिचडी कुठेही होते.

उलुरूच्या राष्ट्रीय उद्यानात तंबू ठोकता येत नाही. मुक्काम उद्यानाबाहेरच्या युलारा गावातल्या कॅम्पग्राउंडवर, आणि जुलैचं बुकिंग काही महिने आधी. राष्ट्रीय उद्यानात सरपणही गोळा करू नका, गॅसची शेगडी न्या. उन्हाळ्यात (डिसेंबर ते फेब्रुवारी) जाणाऱ्यांनी किंग्ज कॅन्यन या दरीच्या काठावरची पायवाट, म्हणजे रिम वॉक, सकाळी नऊच्या आत सुरू करावी. तापमान ३६ अंशांवर जाण्याचा अंदाज असला की नऊनंतर तिकडे सोडत नाहीत.