व्हॅनच्या ओट्यावर मावेल तेवढाच संसार: भांड्यांची तयारी

व्हॅनमध्येच राहून, तिथेच रांधून सहल करायची असेल तर भांड्यांच्या दुकानात जायच्या आधी कागद घ्या आणि चार दिवसांचा स्वयंपाक लिहून काढा. 'नाश्ता, जेवण' असं मोघम नको. पहिल्या सकाळी पोहे, दुपारी खिचडी आणि ताक, रात्री पिठलं-भात, असं पदार्थाच्या नावानिशी लिहा आणि पुढे तो कशात होतो ते मांडा. दोन माणसांच्या घरगुती जेवणाची अशी यादी केली की बहुतेक पाचच नावं पुन्हा पुन्हा येतात: कुकर, कढई, तवा, चहाचं पातेलं आणि वर एखादं पातेलं. ज्या भांड्याचं नाव चार दिवसांत एकदाच येतं, त्याचा पदार्थच बदला. इडलीपात्र, अप्पेपात्र, ढोकळ्याची ताटली हे सगळं इथेच गळतं. गळू द्या.

मग मोजपट्टी. भांडी ज्या खणात राहणार तो आतून मोजा, आणि उंचीतून वरच्या पट्टीची किंवा ड्रॉवरच्या चौकटीची जाडी वजा करा. भांड्याचं माप दांड्यासकट आणि झाकणाच्या मुठीसकट घ्यायचं असतं, हे बहुतेकांना भांडं घरी आणल्यावर कळतं. खोक्यावर लिहिलेले 'तीन लिटर' हे पोटाचं माप. खणाला त्याच्याशी काही देणंघेणं नाही. वीस सेंटिमीटर व्यासाच्या पॅनला तेवढाच लांब दांडा असतो, म्हणजे जागा दुप्पट गेली. शिवाय ओटा अरुंद असला तर तो दांडा चालायच्या वाटेत येतो आणि कोणाचं तरी कोपर लागून गरम पॅन खाली येतो. लहान मुलं सोबत असतील तर लांब दांड्याचं एकही भांडं घेऊ नये.

धातू कोणता, हे शेगडी ठरवते. म्हणून शेगडी आधी पक्की करा. पाच किलोचा सिलिंडर आणि दोन बर्नरची छोटी शेगडी असेल तर जवळपास कुठलंही भांडं चालतं. (इंडियन ऑइलचा 'छोटू' याच मापाचा, ओळखपत्र दाखवून मिळतो.) नळी मात्र सुरक्षा नळीच घ्या, तिच्यावर छापलेली तारीख बघा आणि पाच वर्षं झाली की बदला. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळाला तर जमिनीलगत साचतो. सिलिंडरच्या कप्प्याला तळाशी बाहेर उघडणारी जाळी नसेल तर भांड्यांची खरेदी थांबवून ती आधी करून घ्या. सिलिंडर उभा आणि पट्ट्याने बांधलेला हवा. आडवा पडला तर वायूऐवजी द्रव रेग्युलेटरकडे येतो.

छोट्या डब्याच्या कॅसेट शेगडीवर एक वेगळी अट येते. गॅसचा डबा बर्नरच्या शेजारीच बसलेला असतो. मोठा तवा किंवा पसरट परात त्याच्या डोक्यावर गेली की खालची उष्णता परतून डब्यावर पडते, आतला दाब वाढतो आणि डबा फुटू शकतो. भांड्याची कड डब्याच्या कप्प्यावर जाता कामा नये, आणि वाऱ्यासाठी म्हणून शेगडीभोवती फॉइल गुंडाळायचं नाही. या डब्यांत ब्युटेन असेल तर थंडीतही अडचण येते: ब्युटेन शून्याच्या जेमतेम अर्धा अंश खाली उकळतो, त्यामुळे हिमालयातल्या पहाटे शेगडी नुसती फुसफुसते.

इंडक्शन घेणार असाल तर खिशात फ्रिजवरचं चुंबक घेऊन दुकानात जा आणि बुडाला लावून बघा. चुंबक निसटतं चिकटलं तर ते भांडं नको. साधं अॅल्युमिनियम, तांबं, पितळ बाद. हार्ड अॅनोडाइज्डही बाद, खाली लोखंडी चकती बसवलेली नसेल तर. पुष्कळ इंडक्शन शेगड्या बारा सेंटिमीटरपेक्षा कमी बुडाचं भांडं ओळखतच नाहीत, त्यामुळे दोन कपांचं चहाचं पातेलं ठेवलं की शेगडी नुसती टुकटुक करत बसते. आणि बॅटरीचा हिशेब करा. एक लिटर पाणी पंचवीस अंशांवरून उकळीला न्यायला, इन्व्हर्टरची घट धरून, साधारण ११५ वॉट-तास लागतात. १२ व्होल्टची (प्रत्यक्षात १२.८) १०० अँपिअर-तासांची लिथियम बॅटरी म्हणजे सुमारे १२८० वॉट-तास. चहा दोनदा, वरण-भात, एक भाजी आणि अंघोळीला थोडं पाणी एवढ्यात तिचा मोठा हिस्सा संपतो, आणि पावसाळ्यात छपरावरचं सोलर तो भरून काढत नाही. तेच एक लिटर पाणी गॅसवर उकळायला दहा ते पंधरा ग्रॅम गॅस पुरतो, झाकण ठेवलं असेल तर. आठवड्याच्या सहलीसाठी गॅस मुख्य ठेवावा. वीज जोडता येईल अशा मुक्कामापुरतं इंडक्शन.

आता कुकर, कारण व्हॅनमधलं सर्वांत महत्त्वाचं भांडं तेच. बाहेरच्या बहुतेक कॅम्पिंग संचांत तो नसतो, आणि आपल्याला त्यावाचून डाळ शिजवता येत नाही. साध्या कुकरमध्ये वातावरणाच्या वर एक बार दाब चढतो आणि पाणी समुद्रसपाटीला १२० अंशांवर जातं. दर तीनशे मीटरला उघड्या पाण्याचा उत्कलनबिंदू साधारण एक अंशाने उतरतो: महाबळेश्वरला ९५-९६, तर ३५०० मीटरवरच्या लेहमध्ये ८८. उघड्या पातेल्यातली तूरडाळ तिथे गॅस संपला तरी दाताखाली येते. कुकरमध्ये लेहलासुद्धा ११४-११५ अंश मिळतात. रोजच्यापेक्षा दोन शिट्ट्या जास्त द्या, एवढंच.

आकार ठरवताना अर्धा भरायचा नियम धरून चाला. डाळ-तांदूळ फेसाळतात, अर्ध्यावर गेले की फेस शिट्टीच्या भोकात अडकतो, आणि मग सुरक्षा झडप उडाली की वरणाचा फवारा व्हॅनच्या छताच्या अस्तरात मुरतो. तो वास महिनाभर जात नाही. वाटी १८० मिलीलिटरची धरली तर एक वाटी तांदूळ, अर्धी वाटी मूगडाळ आणि साडेचार वाट्या पाणी यांची खिचडी बटाटा-मटार पडल्यावर एक लिटरच्या वर जाते. म्हणजे दोन लिटरचा कुकर दोघांना अपुरा आणि एकट्याला बरोबर. दोघांना, आणि तिघांनाही, तीन लिटरचा घ्या. चौघांसाठी पाच लिटरचा लागतो, पण मग दुसरं मोठं पातेलं नेऊच नका.

आतून झाकण बसणारा की बाहेरून? आतल्या झाकणाच्या कुकरला आत दाब असताना झाकण उघडताच येत नाही, हा मोठा फायदा, पण तोंड पोटापेक्षा लहान असल्याने आत ठेवायचे डबे तोंडातून जायला हवेत. बाहेरच्या झाकणाच्या कुकरचं तोंड सरळ असतं; त्यात फोडणी परतता येते, कढईचं थोडं काम निघतं आणि घासायला सोपा जातो. व्हॅनसाठी दुसरा प्रकार सरस, आणि लांब दांड्याऐवजी दोन आखूड कानांचा मिळाला तर उत्तमच. वरण खाली, भात वर असे दोन डबे लावायचे असतील तर उंच कुकर लागतो. बसक्यात एकच मावतो. डबे दुकानातच आत ठेवून झाकण लावून बघा, दुकानदार कुरकुरला तरी. सोबत त्याच मॉडेलची गॅस्केट एक आणि सुरक्षा झडप एक. वाटेतल्या गावात कुकर मिळेल, तुमच्या मॉडेलची गॅस्केट मिळेलच असं नाही. प्रवासात गॅस्केट काढून ठेवा आणि झाकण उलटं ठेवा. बंद कुकरमध्ये दोन दिवसांत कुबट वास धरतो.

पातेल्यांच्या बाबतीत एक गोष्ट ठामपणे सांगायची. दांडा निघणाऱ्या, एकात एक बसणाऱ्या परदेशी संचांना बरेच पैसे पडतात. आपली बिनदांड्याची पातेली आणि एक सांडशी म्हणजे तीच युक्ती आहे, आणि सांडशीचा खटका तुटत नाही. एक, दीड आणि दोन लिटरची तीन स्टीलची पातेली घ्या, किनार बाहेर वळलेली, म्हणजे सांडशी घसरत नाही. तळ जाड हवा. पातळ पत्र्याचं पातेलं छोट्या बर्नरच्या एकवटलेल्या ज्योतीवर मधोमध जळतं आणि कडेला कच्चं राहतं. तीन थरांच्या पत्र्याचं, म्हणजे दोन स्टीलच्या मध्ये अॅल्युमिनियम असलेलं, एकच घ्यायचं झालं तर ते दीड लिटरचं घ्या, दूध त्यातच तापतं. दोन लिटरचं पूर्ण भरलेलं पातेलं एका हाताने सांडशीत उचलू नये. मनगट वळलं की संपलं. सांडशी दोन न्या. एक नेहमी हरवते.

अॅल्युमिनियमचं पातेलं हलकं आणि लवकर तापणारं, पण कोकम, चिंच, टोमॅटो त्यात शिजवू किंवा मुरवू नका; आंबट धातूला खातं. कोकणात निघाला असाल आणि सोलकढी होणार असेल तर स्टील.

कढई सपाट बुडाची, बावीस ते चोवीस सेंटिमीटर, दोन कानांची. गोल बुडाची कढई छोट्या शेगडीच्या जाळीवर डुलते. पोहे, उपमा, भाजी, पिठलं, अंडाभुर्जी सगळं हिच्यात होतं, आणि तळण होत नाही. तळण व्हॅनमध्ये करायचंच नाही: गरम तेल, हलणारी गाडी आणि लाकडी भिंती या तीन गोष्टी एकत्र आणायच्या नसतात. फोडणीची लांब पळीही घरी ठेवा, जाळीवर ती कलंडते. फोडणी कढईत किंवा कुकरमध्येच आधी करून त्यावर बाकीचं ओता.

तव्यावर लोकांचे वाद होतात. बिडाचा तवा अप्रतिम, पण दहा इंचीचं वजन दोन किलोच्या पुढे जातं आणि खड्ड्यात तो शेजारच्या भांड्याला पोचा पाडतो. लोखंडी पत्र्याचा तवा निम्म्या वजनाचा, भाकरीला चोख. समुद्राच्या खाऱ्या हवेत मात्र एका रात्रीत गंजतो, म्हणून वापरून झाला की ज्योतीवर पूर्ण सुकवून तेलाचं बोट फिरवा आणि वर्तमानपत्रात गुंडाळा. भाकरी करणार नसाल, थालीपीठ आणि घावनच असतील, तर नॉनस्टिक पुरे, पण त्याच्यासोबत लाकडी उलथणं आणि वर ठेवायला फडकं हवं. दोन्ही तवे नेऊ नका. कढईचं झाकण तव्यालाही बसेल अशा मापाचं घ्या, थालीपीठाला झाकण लागतंच.

परात एक, तीस सेंटिमीटरची: कणीक मळायला, भाजी निवडायला, भांडी घासून उपडी घालायला. पोळपाट नको, चिरायच्या फळीची मागची बाजू लाटायला राखून ठेवा. विळी अजिबात नको; सुरीला टोपण. मिक्सरऐवजी लहान स्टीलचा खलबत्ता, आणि ओलं-सुकं वाटण घरूनच करून बर्फात. मिसळणाचा डबा पहिल्याच घाटात हळद आणि तिखटाचा एकच रंग करून देतो. मसाले फिरकीच्या झाकणाच्या छोट्या बाटल्यांत भरा. धान्याचे डबे चौकोनी घ्या. चौकोनी खणात गोल डबे लावले की एक-पंचमांशाहून जास्त जागा कोपऱ्यांत वाया जाते. ताटाऐवजी कड असलेल्या खोलगट थाळ्या, माणशी एक, आणि वाटी एक.

पाण्याचाही विचार भांड्यांसोबतच करा. वीस लिटरच्या कॅनमधून पिणं, शिजवणं आणि घासणं निघायचं तर खाचा, रिव्हेट आणि अरुंद तोंडं टाळा; त्यांतच अन्न अडकतं आणि तिथेच पाणी जातं. खरकटं आधी कागदाने पुसून, परातीत थोड्या पाण्यात घासून, तांब्याने वरून धार धरली तर दोघांची भांडी दोन-अडीच लिटरमध्ये होतात. घासायला काथ्या, नॉनस्टिकला मऊ फडकं. सांडपाणी कॅनमध्ये धरा, ओढ्यात सोडू नका.

रचताना जड खाली: कुकर सर्वांत खालच्या खणात, शक्यतो पुढच्या आणि मागच्या चाकांच्या आसांमधल्या भागात. पातेली एकात एक, प्रत्येकीच्या मध्ये जुन्या सुती साडीचा तुकडा. आवाजही थांबतो आणि तेच तुकडे भांडी धरायला लागतात. खणात रबरी जाळीची चटई अंथरा. दारांना लोहचुंबकाची पकड असेल तर ती काढून दाबून उघडणारं कुलूप बसवा. ताम्हिणी किंवा आंबा घाटात चुंबक सुटतं आणि सगळा संसार जमिनीवर येतो.

शेवटी निघायच्या आधीचा शनिवार-रविवार घरीच तालमीला द्या. निवडलेली भांडी एका खोक्यात काढा, बाकी स्वयंपाकघराला हात लावायचा नाही, आणि दोन दिवस एकाच बर्नरवर यादीतले पदार्थ करा. जे कमी पडलं ते लिहा, जे खोक्यातून निघालंच नाही ते परत मांडणीत. मग भरलेलं खोकं वजनकाट्यावर ठेवा; दोघांचं सात-आठ किलोच्या वर गेलं तर पुन्हा यादी काढा. सगळं व्हॅनमध्ये लावून, रेडिओ बंद करून, गावातल्या सर्वांत वाईट रस्त्यावरून पाच किलोमीटर चालवा. मागे बसलेल्याने कुठल्या खणात काय खडखडतं ते सांगायचं आणि तिथे फडकं कोंबायचं. मुक्कामावर पोचल्यावर शेगडी पेटवण्याआधी थाळीत पाणी घालून ओट्यावर ठेवा. ते एका कडेला गेलं तर चाकाखाली सपाट दगड सरकवा, नाहीतर घावनाचं पीठ आणि तव्यावरचं तेल दोन्ही एकाच बाजूला जमतील. दोन्हीकडची खिडकी आणि छताचा झरोका उघडा, ज्योत निळी आहे ना ते बघा. पिवळी असेल तर बर्नरची भोकं सुईने साफ करा आणि मगच कुकर चढवा.