बालविवाहाविरुद्ध कायदा मागताय? या चुका टाळा

महाराष्ट्रात २० ते २४ वयाच्या बायकांपैकी २१.९ टक्के जणींचं लग्न अठरा वर्षं पूर्ण व्हायच्या आत झालेलं होतं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीतला हा आकडा, आणि बीड-परभणीकडे तो चाळीसच्या वर जातो. असं काही वाचलं की संस्था, बचत गट, शिक्षक, कॉलेजची पोरं सगळ्यांना वाटतं की आता सरकारने कडक कायदाच करायला पाहिजे, आणि वाटणं बरोबरच आहे, मुली आपल्याच आहेत. पण मागणी नीट केली नाही तर पाच-पाच वर्षं फायली फिरत राहतात आणि तोवर ती मुलगी दोन लेकरांची आई झालेली असते.

"कायदा करा" एवढंच लिहून मोकळं होणं

ही सगळ्यात जास्त होणारी चूक. बालविवाह प्रतिबंध कायदा केंद्राचा आहे, २००६ चा, देशभर लागू आहे. लग्न आणि अल्पवयीन मुलं हा विषय समवर्ती सूचीत येतो, म्हणजे राज्यालाही कायदा करता येतो, पण तो केंद्राच्या कायद्याशी भिडत असेल तर राष्ट्रपतींची संमती लागते. कर्नाटकने हे करून दाखवलंय, २०१६ च्या दुरुस्तीने त्यांनी बालविवाह मुळातच बेकायदेशीर, झालाच नाही असा ठरवला. आपल्याकडे मूळ कायद्याप्रमाणे तो मुलीने किंवा मुलाने स्वतः कोर्टात मागितला तरच रद्द होतो आणि तेही फार तर सज्ञान झाल्यावर दोन वर्षं पूर्ण होईपर्यंत (अल्पवयीन असताना पालकामार्फत). (काही प्रकार याला अपवाद आहेत, उदाहरणार्थ मुलीला पळवून किंवा विकून लावलेलं लग्न, किंवा कोर्टाने मनाई केलेली असताना लावलेलं.)

मग कर्नाटकसारखं करा म्हणायचं का? म्हणा, पण पुढचं वाक्यही लिहा. मूळ कायद्यात लग्न रद्द झालं तरी मुलीला पोटगी, राहायची सोय आणि तिच्या मुलाला औरस हक्क द्यायची तरतूद आहे. दुरुस्ती मागताना हे संरक्षण शब्दशः कायम राहील असं लिहिलं नाही तर लग्न शून्य झालं, मुलगीही शून्य झाली, असं व्हायला वेळ लागत नाही.

राष्ट्रपतींच्या संमतीचा रस्ता किती लांब असतो त्यासाठी शक्ती विधेयक, म्हणजे महिला आणि मुलांवरच्या अत्याचाराला कडक शिक्षा देणारं राज्याचं विधेयक, आठवा. डिसेंबर २०२१ मध्ये दोन्ही सभागृहांनी मंजूर केलं, लोकांनी पेढे वाटले, आणि ते कधी अमलात आलंच नाही. त्यामुळे आधी स्वतःला विचारा की आपल्याला हवी असलेली गोष्ट कायद्याने होणार, नियमाने होणार, शासन निर्णयाने होणार की फक्त बजेटमध्ये पैसे टाकून होणार? नियम करायचा अधिकार राज्याकडेच आहे. गावात ग्रामसेवक (आता पदाचं नाव ग्रामपंचायत अधिकारी) हा बालविवाह प्रतिबंधक अधिकारी आहे, तोही राज्य सरकारने नेमल्यामुळेच. ग्रामसेवकाला त्याच गावात रोज काम करायचं असतं, सरपंचाच्या पुतण्याचं लग्न तो कसं थांबवणार? मग मागणी अशी करा की तक्रार आली की त्याच्यासोबत पोलिस जायलाच पाहिजे, तक्रार करणाऱ्याचं नाव कुठल्याही कागदावर येता कामा नये, आणि एका अधिकाऱ्यावर अवलंबून न राहता वरच्या पातळीवरही कुणीतरी जबाबदार पाहिजे. याला विधानसभेत मतदान लागत नाही, महिला व बालविकास विभागाने मनावर घेतलं तर होतं.

फक्त शिक्षा वाढवा म्हणणं

इथे जरा थांबा, कारण सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं.

आत्ताही दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड आहे. आसामने फेब्रुवारी २०२३ मध्ये मोठी मोहीम काढली, तीन हजारांहून जास्त लोकांना अटक झाली, आणि बातम्या काय आल्या, तर गरोदर मुली भीतीने दवाखान्यात जाईनात. आपल्याकडेही ही भीती आहेच. अठराच्या आतली मुलगी गरोदर असली की डॉक्टरला पोक्सोखाली (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा) पोलिसांना कळवावंच लागतं, मग नवरा, सासरा, कधी तिचा स्वतःचा बापही आत जाईल या भीतीने तिला घरीच बाळंत करायचा प्रयत्न होतो. शिक्षा नको असं मी म्हणत नाही, लग्न जमवणारा दलाल, पैसे घेऊन मुलगी देणारा, त्याला सोडूच नये. पण त्या मुलीची तपासणी, तिचं बाळंतपण, तिची शाळा याची तरतूद त्याच कागदात नसेल तर तो कागद अर्धवट आहे.

आणि लग्न लावतात का हे बघा ना. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, टोळी जमवणारा मुकादम उचल, म्हणजे आगाऊ पैसे, देतो ती कोयत्यामागे. दिवाळीच्या आसपास टोळ्या निघतात त्या पाच-सहा महिने परत येत नाहीत. घरी चौदा-पंधरा वर्षांची पोर, म्हातारी आजी आहे किंवा तीही नाही, गावात शाळा सातवीपर्यंत, आणि आईला फडात रात्री झोप येत नाही की पोरीचं काय चाललं असेल. त्या आईला जाऊन तू गुन्हेगार आहेस असं सांगायचं? तिला विचारा, ती सांगेल की पोरीला राहायला सुरक्षित जागा द्या, मी लग्न लावत नाही. म्हणून निवेदनात वसतिगृह पहिल्या नंबरवर पाहिजे. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबा वसतिगृह योजना २०२१ ला आली, हंगामी वसतिगृहंही असतात. मग मागणी नेमकी करा: अमुक तालुक्यात मुलींचं वसतिगृह टोळ्या निघायच्या आधी चालू व्हावं, हंगाम अर्धा संपल्यावर नाही.

शासन निर्णय आला म्हणजे जिंकलो असं समजणं

मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथेविरुद्ध ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्याने सगळ्या ग्रामपंचायतींसाठी परिपत्रक काढलं. गावाचा ठराव मंत्रालयापर्यंत कसा पोचतो याचं हे फार चांगलं उदाहरण आहे आणि बालविवाहासाठीही ग्रामसभेपासूनच सुरुवात करावी असं माझं ठाम मत आहे. पण परिपत्रक मोडलं म्हणून कुणाला शिक्षा होत नाही हेही लक्षात ठेवा.

बालसंगोपन योजना घ्या. आईबाप नसलेल्या किंवा एकच पालक असलेल्या मुलाला महिन्याला २,२५० रुपये, २०२३ ला वाढले, आधी १,१०० होते. हे सगळं शासन निर्णयावर चालतं, त्यामुळे निधी आला तर आला, नाहीतर विधवा आई बँकेत चकरा मारते. म्हणून रक्कम वाढवा एवढंच न म्हणता दर महिन्याला ठरलेल्या तारखेला जमा करा ही मागणी जोडा. बजेट मार्चमध्ये मांडलं जातं पण विभाग आपले आकडे कितीतरी आधी, हिवाळ्यातच जुळवत असतात, फेब्रुवारीत निवेदन घेऊन गेलात तर उशीर झालेला असतो.

मुलीचा फोटो आणि नाव वापरणं

हे अजिबात करू नका. लग्न थांबवलेल्या मुलीला स्टेजवर उभं करणं, सत्कार, व्हॉट्सअपवर फोटो, निवेदनाला जोडलेली आधारची झेरॉक्स. लग्नाचा धोका असलेली मुलगी बाल न्याय कायद्यात काळजी आणि संरक्षणाची गरज असलेलं बालक ठरते, आणि कलम ७४ प्रमाणे तिची ओळख उघड केली तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. कायदा बाजूला ठेवला तरी तिला त्याच गावात राहायचंय. नाव, गाव, शाळा काढून टाका, तालुका लिहिला तरी पुरे.

निवेदन दिलं, फोटो काढला, विसरलो

पोच घ्या, आवक क्रमांक लिहून घ्या, नाहीतर तो कागद कुठे गेला ते कुणालाच कळत नाही. आमदाराला वीस पानं देऊ नका, एक पान द्या, त्यात एकच मागणी ठळक, खाली तुमच्या तालुक्याचे आकडे. आकडे नसतील तर माहितीच्या अधिकारात मागा, तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं: वर्षभरात किती तक्रारी आल्या, किती लग्नं थांबवली, किती गुन्हे नोंदले, ग्राम बाल संरक्षण समितीच्या बैठका किती झाल्या, किती पदं रिकामी आहेत.

आता नेहमी येणाऱ्या अडचणी.

आमदार म्हणतात "लोक नाराज होतील": त्यांच्याकडे आधी शिक्षेचा विषय नेऊ नका, वसतिगृह आणि मुलींसाठी एसटीचा विषय न्या, त्याला कुणी नाराज होत नाही, ओळख झाली की पुढचं बोला.

अशासकीय विधेयक (मंत्री नसलेल्या आमदाराने मांडलेलं) मांडतो असं एखादा आमदार म्हणाला: आनंदाने मांडू द्या, चर्चा होते, पण ती विधेयकं मंजूर होणं फार दुर्मिळ आहे. त्यापेक्षा तारांकित प्रश्न (मंत्र्याला सभागृहात तोंडी उत्तर द्यावं लागतं तो) आणि लक्षवेधी (तातडीच्या विषयाकडे मंत्र्याचं लक्ष वेधणारी सूचना) जास्त उपयोगी. तारांकित प्रश्न अधिवेशनाच्या बऱ्याच आधी द्यावा लागतो, अधिवेशन सुरू झाल्यावर धावपळ करून काही होत नाही.

मंत्री सभागृहात "करू" म्हणाले आणि पुढे काहीच नाही: त्या दिवसाची कार्यवाही काढा. सभागृहात दिलेल्या आश्वासनांसाठी आश्वासन समिती असते, तुमच्या आमदाराला तिथे पाठपुरावा करायला सांगा.

नियमांचा मसुदा राजपत्रात आला: हरकती आणि सूचनांची मुदत आधी बघा, बहुतेक लोक ती संपल्यावर जागे होतात. सूचना देताना कुठल्या नियमातला कुठला शब्द बदलायचा आणि त्या जागी कुठला घालायचा ते लिहा, भाषण लिहू नका.

आणि हे सगळं चालू असताना उद्याच एखादं लग्न ठरलेलं कळलं तर निवेदनाची वाट बघू नका, १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनला फोन करा. कोर्टाकडून मनाई हुकूम घेता येतो, आणि तो मोडून लावलेलं लग्न कायद्याने लग्नच धरलं जात नाही.