डबल स्टँड नीट लावा, मग त्याच स्टँडवर गाडी अंगाला बसवून घ्या

डबल स्टँड लागत नाही म्हणून वर्षानुवर्षं साइड स्टँडवरच गाडी लावणारे खूप आहेत. ताकद कमी पडते असं त्यांना वाटतं, पण खरं कारण वेगळं असतं. ते गाडी हातांनी उचलायला जातात. डबल स्टँड ही तरफ आहे. तुमचं वजन तिच्या पट्टीवर (पायाने दाबायचा बाहेर आलेला भाग) नीट पडलं की ५५ किलोचा माणूसही १९५ किलोची क्लासिक ३५० स्टँडवर घेतो, मग ११२ किलोच्या स्प्लेंडरचं काय! हातांचं काम फक्त गाडी सरळ धरण्याचं आणि थोडी मागे ढकलण्याचं.

हे शिकून घ्यायचं आणखी एक कारण आहे. गाडी चालवणाऱ्याच्या अंगाला बसवायची म्हणजे लिव्हर, पेडल, गिअर, शॉकअप, चेन यांना हात लावावा लागतो. साइड स्टँडवर गाडी डावीकडे कललेली असते. त्या अवस्थेत लावलेला कुठलाच कोन रस्त्यावर बरोबर ठरत नाही.

स्टँडवर घेताना

पायात बूट हवेत. चप्पल पट्टीवरून सटकली तर नडगीवर मार बसतो. जागा सपाट आणि टणक पाहा. उन्हाळ्यात नव्या डांबरात आणि पावसाळ्यात मुरमाच्या अंगणात स्टँडचे पाय रुततात, तिथे खाली जाड फळी किंवा फरशीचा तुकडा घाला.

१. इंजिन बंद करा, गाडी न्यूट्रलमध्ये घ्या. साइड स्टँड बाहेरच राहू द्या. हात सुटला तर गाडी त्यावर टेकते.

२. गाडीच्या डाव्या बाजूला, गाडीकडे तोंड करून उभे राहा. डावा हात हँडलच्या डाव्या मुठीवर, उजवा मागच्या ग्रॅब रेलवर, म्हणजे मागे बसणाऱ्याच्या हातपकडीवर. सीटच्या खाली हात घालून उचलू नका. तिथे पकड मिळत नाही, आणि कंबर वाकलेली राहते.

३. हँडल सरळ करा. हँडल वळलेलं असेल तर गाडी मागे जाताना एका अंगाला पडते.

४. उजव्या पायाने पट्टी खाली दाबा, स्टँड जमिनीला टेकू द्या. आता गाडी सावकाश उभी करा. स्टँडचे दोन्ही पाय जमिनीला लागले की पट्टीतून हलकी ‘टक्‌ टक्‌’ जाणवते. बहुतेकांचं काम इथेच बिघडतं. एकच पाय टेकलेला असताना जोर लावला की गाडी तिरकी सरकते. गाडी डावी-उजवीकडे किंचित हलवून दोन्ही पाय टेकल्याची खात्री करा.

५. पाठ ताठ ठेवून सगळं वजन उजव्या पायावर टाका, जणू त्या पट्टीवर पायरीसारखे चढताय. उजव्या हाताने ग्रॅब रेल मागे आणि थोडी वर ओढा. गाडी मागे सरकल्याशिवाय स्टँडवर चढत नाही.

६. दोन्ही हात लगेच सोडू नका. गाडी हलकेच पुढे-मागे हलवून ती बसल्याची खात्री करा, मग साइड स्टँड मिटवा.

एवढं करूनही जड जात असेल तर आधी मागच्या टायरची हवा पाहा. हवा कमी असेल तर मागची बाजू खाली बसते आणि तितकंच जास्त उचलावं लागतं. लांबच्या प्रवासाचं सामान बांधलं असेल तर एक युक्ती वापरा. मागचं चाक १५-२० मिमी जाडीच्या फळीवर चढवा, मग स्टँड लावा. वर न्यायचं अंतर बरंचसं फळीनेच भरून निघतं. फळी फक्त चाकाखाली हवी, स्टँडचे पाय जमिनीवरच.

उतारावर शक्यतो डबल स्टँड टाळा. नाइलाज असेल तर गाडीचं तोंड चढाकडे ठेवा. तोंड उताराकडे असलं तर एका धक्क्याने गाडी पुढे सरकून स्टँडवरून उतरते.

उतरवताना

आधी साइड स्टँड बाहेर काढा, पूर्ण ताणून. तसेच डावीकडे उभे राहा, हँडल सरळ ठेवा आणि गाडी सरळ पुढे ढकला. मागचं चाक जमिनीवर आलं की गाडी थांबू द्या, मगच ती साइड स्टँडवर कलवा. कललेली गाडी पुढे सरकली तर साइड स्टँड मागे मिटतो आणि गाडी अंगावर येते. डावीकडे उभं राहिल्यावर पुढचा ब्रेक हाताशी नसतो, त्यामुळे ढकलताना जोर मोजूनच लावा. उंच माणसाला सीटवर बसून, दोन्ही पाय जमिनीवर ठेवून पुढे झोका देता येतो, आणि तेव्हा उजव्या हाताला ब्रेक मिळतो. कमी उंचीच्या माणसाने हे करू नये, कारण स्टँडवर मागची बाजू नेहमीपेक्षा वर असते.

गाडी स्टँडवर असताना दोघांनी बसून गप्पा मारणं बंद करा. ते वजन स्टँडच्या पायांवर आणि पिनवर येतं. पाय वाकतात, भोकं रुंदावतात. स्टँडच्या पिनवर चिखल आणि पाणी थेट बसतं, म्हणून दर सर्व्हिसिंगला तिथे ग्रीस द्यायला लावा. स्प्रिंगचे हुक झिजलेत का तेही पाहा. स्प्रिंग तुटली तर स्टँड चालत्या गाडीखाली लोंबतो, आणि वळणावर जमिनीला घासून मागचं चाक उचलू शकतो. नवी स्प्रिंग बसवल्याशिवाय ती गाडी चालवू नका. घरी पोहोचण्यापुरता स्टँड दोरीने घट्ट वर बांधता येतो.

आता अंगाला बसवणं

सुरुवात खर्चिक वस्तूंपासून करू नका. लिव्हर, पेडल आणि शॉकअप जागेवर आले की बहुतेकांची मनगटदुखी आणि पाठदुखी उणावते, आणि त्याला लागतात फक्त दोन-तीन पाने (स्पॅनर).

गाडी स्टँडवर घ्या, बसा, हात मुठींवर ठेवा. बोटं क्लचवर सरळ करा. कोपरापासून बोटांपर्यंत एक सरळ रेषा यायला हवी. मनगट वर मोडत असेल तर लिव्हर खाली फिरवा, खाली मोडत असेल तर वर. क्लॅम्पचे बोल्ट अर्धा फेरा सैल केले की लिव्हर फिरतो. पुन्हा आवळताना हाताने जोर लावला तर लिव्हर जेमतेम फिरेल इतकंच आवळा. गाडी पडली तर तो फिरतो, मोडत नाही. पुढच्या डिस्क ब्रेकच्या मास्टर सिलिंडरची (ब्रेक लिव्हरजवळची ब्रेक तेलाची डबी) गोष्ट वेगळी. तो घट्टच हवा, आणि क्लॅम्पवरची बाणाची खूण वरच्या दिशेने.

क्लच केबलला लिव्हरच्या टोकाशी मोकळीक, म्हणजे ताण येण्याआधीची रिकामी हालचाल, लागते. बहुतेक शंभर-सव्वाशे सीसी गाड्यांना ती १० ते २० मिमी असते, तुमच्या गाडीचा आकडा पुस्तिकेत मिळेल. मोकळीक कमी पडली तर क्लच प्लेट घसरून जळतात. जास्त झाली तर क्लच पूर्ण सुटत नाही, गिअर खाडकन पडतो आणि सिग्नलला न्यूट्रल सापडत नाही.

मागच्या ब्रेकचं पेडल पायाच्या चवड्याखाली यायला हवं, घोटा वर न उचलता. पेडलची उंची स्टॉप बोल्टने बदलते. पण तिथे थांबू नका. ड्रम ब्रेक असेल तर पेडल हललं की रॉडचं अंतरही बदलतं, म्हणून मागच्या चाकाजवळच्या नटाने मोकळीक पुन्हा लावा. बहुतेक गाड्यांना ती पेडलच्या टोकाशी २० ते ३० मिमी असते. चाक हाताने फिरवा, घासल्याचा आवाज येता कामा नये. शेवटी ब्रेक लाइटचा स्विच. हा हमखास विसरला जातो, आणि मग ब्रेक दाबूनही लाल दिवा उशिरा लागतो किंवा सतत जळत राहतो.

गिअर लिव्हर दातेरी शाफ्टवर बसतो. त्याचा बोल्ट नुसता सैल करून लिव्हर ओढू नका. बऱ्याच गाड्यांत तो शाफ्टवरच्या खाचेतून जातो, पूर्ण काढल्याशिवाय लिव्हर निघत नाही आणि ठोकाठोकीत दाते मरतात. एकच दाता वर किंवा खाली करून बसवा आणि रोजच्या बुटांनी तपासा. सँडलने लावलेला लिव्हर बूट घातल्यावर अडतो.

हँडल मागे-पुढे फिरवण्याआधी कंपनीच्या खुणेजवळ मार्करने रेघ मारा, म्हणजे परत येता येतं. राइझर (हँडलखाली घालायचे उंचीचे तुकडे) लावून हँडल उंचावणार असाल तर साधारण २०-२५ मिमीनंतर बऱ्याच गाड्यांत केबल आणि ब्रेकची नळी अपुरी पडू लागते. परीक्षा सोपी आहे. मोकळ्या हवेत, न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवून हँडल पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे वळवा. आरपीएम (इंजिनच्या फेऱ्यांचा वेग) जरा जरी वाढला तर ॲक्सिलेटरची केबल ताणली जातेय. तशी गाडी वळणात आपोआप वेग घेईल.

सीट आणि शॉकअप

सीटची उंची मात्र स्टँडवर मोजायची नाही. गाडी खाली घ्या, कुणाला तरी पुढून धरायला सांगा, बसा. दोन्ही पायांचे चवडे टेकले किंवा एक पाय सपाट टेकला की पुरे. दोन्ही टाचा टेकल्याच पाहिजेत या हट्टापायी लोक सीट इतकी कापतात की गुडघे दुमडून तासाभरात दुखू लागतात.

कागदावरची उंची अर्धीच गोष्ट सांगते. क्लासिक ३५०ची सीट ८०५ मिमी, स्प्लेंडरची ७८५, म्हणजे फरक २० मिमीचा. पण रुंद सीटवर मांड्या फाकतात आणि पाय त्याहून जास्त आखूड पडतो. म्हणून सीटवाल्याला सांगा, आधी पुढच्या भागाच्या दोन्ही कडा उतरव, मधला फोम शक्यतो ठेव. तळाचा फोम ४० मिमीच्या खाली गेला की खड्ड्यात सीटची पाटी टोचते. रेक्झिन चढवण्याआधी फोमवर प्लास्टिकचा अखंड कागद घालायला लावा. आपल्याकडच्या पावसात शिवणीतून पाणी झिरपतं आणि कोरड्या दिवशीही पँट ओली होते. सहा फुटी माणसाला उलटं काम हवं. मागच्या बाजूला २५-४० मिमी फोम चढवला की गुडघे मोकळे होतात. फूटरेस्ट हलवण्यापेक्षा हे केव्हाही बरं.

मागच्या शॉकअपच्या तळाशी पायऱ्यांची रिंग असते, स्प्लेंडरला ५ पायऱ्या, नव्या क्लासिकला ६. गाडी स्टँडवर असताना चाक हवेत असतं, स्प्रिंग मोकळी असते, म्हणून हुकच्या पान्याने रिंग सहज फिरते. कुठली पायरी ठेवायची हे अंदाजाने ठरवू नका. स्टँडवर मागच्या ॲक्सलपासून सीटखालच्या एका ठरावीक बिंदूपर्यंत अंतर मोजा. मग गाडी खाली घेऊन, नेहमीच्या कपड्या-बुटांत बसून, दुसऱ्याकडून तेच अंतर मोजून घ्या. फरक चाकाच्या एकूण हालचालीच्या पाव ते तिसरा हिस्सा असावा. क्लासिकला मागे ९० मिमी हालचाल आहे, म्हणजे साधारण २२ ते ३० मिमी. जास्त बसत असेल तर एक पायरी घट्ट करा, दोन्ही बाजूंना सारखीच. रोज मागे कुणी बसत असेल तर त्यांना घेऊनच मोजा. मागची बाजू बदलली की हेडलाइटचा झोतही वर-खाली होतो, तो रात्री भिंतीवर पाहून लावा.

स्टँडवर आहातच तर चेनची ढिलाईही बघून घ्या. चाक फिरवत तीन-चार जागी मोजा आणि सर्वांत ताणलेल्या जागेला प्रमाण धरा. पुस्तिकेतला आकडा डबल स्टँडवरचा आहे की साइड स्टँडवरचा हेही वाचा. चेन पुसताना इंजिन चालू करून, गिअर टाकून चाक फिरवणं कधीही, कुणीही करू नये. फडकं स्प्रॉकेटमध्ये (चेनच्या दातेरी चाकात) ओढलं जातं आणि मागोमाग बोटं जातात. न्यूट्रलमध्ये ठेवा, हातानेच फिरवा.

काय बदलू नये

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतला तपशील कंपनीच्या मूळ मोजमापाशी विसंगत होईल असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये हे पुन्हा स्पष्ट केलं. बेकायदा बदलाला कलम १८२अ खाली प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. लिव्हरचा कोन, सीटचा फोम, शॉकअपची पायरी यांचा त्याच्याशी संबंध येत नाही. मागे बसणाऱ्यासाठी हातपकड, फूटरेस्ट आणि निम्मं चाक झाकणारा साडीगार्ड मात्र नियमाने बंधनकारक आहे. दिसायला बरं म्हणून साडीगार्ड काढला की ओढणी आणि साडीचा पदर थेट चाकात जातो. अपंग चालकासाठी गाडीत बदल करायची सोय त्याच कलमात आहे, ते काम आरटीओत नोंदवूनच करून घ्या.

लांबी वेगळी असलेले शॉकअप घातलेत, तर पुन्हा स्टँडपाशी या. लांब शॉकअपने गाडी वर जाते, स्टँड आखूड पडतो आणि मागचं चाक जमिनीला टेकून गाडी डुगडुगते. आखूड शॉकअपने उलट होतं. स्टँड उभाच होत नाही, किंवा लावताना जीव निघतो. अशा वेळी स्टँडचे पाय कापून किंवा वेल्डिंग करून जुळवू नका, सांध्यावरच ते वाकतात. मूळ लांबीचे शॉकअप परत घाला आणि उंचीचं काम सीटवर करून घ्या.